गाळणीच्या पुढचे काम : लघवीतली लहान प्रथिने आणि मूत्रनलिकांचे आरोग्य

लघवीची साधी तपासणी केली की रिपोर्टात एक ओळ हमखास असते : ‘प्रोटीन – निल’. ती वाचून रुग्ण निर्धास्त होतो आणि डॉक्टरांची नजर पुढच्या ओळीवर जाते. ही ओळ बहुधा एका पट्टीवरून आलेली असते. पट्टीवरच्या छोट्या पिवळ्या चौकोनात टेट्राब्रोमोफिनॉल ब्लू नावाचा रंग आम्लासह मुरवलेला असतो. लघवीतले आल्ब्युमिन त्याला चिकटले की चौकोन हिरवट होतो, जास्त असेल तर निळ्याकडे झुकतो. तो पिवळाच राहिला, तर एवढेच म्हणता येते की लघवीत आल्ब्युमिन फारसे नाही. आल्ब्युमिनच्या पाचव्या-सहाव्या हिश्शाएवढी लहान प्रथिने त्याच लघवीतून रोज वाहून जात असली, तरी हा चौकोन बहुतेक वेळा त्यांची दखल घेत नाही.

या दखल न घेतल्या गेलेल्या प्रथिनांचा अभ्यास हे एक स्वतंत्र क्षेत्र आहे आणि त्याची ओळख करून देण्यासाठी हे लिखाण आहे. ते लिहिताना डोळ्यांसमोर वैद्यकाचे विद्यार्थी आहेत, तालुक्याच्या गावी दवाखाना किंवा लॅब चालवणारी माणसे आहेत आणि आपल्या गावात मूत्रपिंडाचे रुग्ण इतके का, असे विचारणारे वाचकही आहेत. यातल्या कोणालाही हा विषय परका वाटायचे कारण नाही. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो. आल्ब्युमिन लघवीत येते ते प्रामुख्याने गाळणी बिघडल्यामुळे. लहान प्रथिने लघवीत येतात ती गाळणीच्या पुढचे काम राहून गेल्यामुळे. पहिली गळती आहे, दुसरे न झालेले काम. या दोहोंची गल्लत झाली की निदान चुकते. ती टळली की एका साध्या नमुन्यावरून मूत्रपिंडाच्या कोणत्या भागाकडे पाहायचे हे कळू लागते.

गळतीची कल्पना जुनी आहे. लंडनच्या गायज हॉस्पिटलात रिचर्ड ब्राइट यांनी १८२७ साली अंगावर सूज, लघवीत प्रथिन आणि शवविच्छेदनात खराब झालेली मूत्रपिंडे यांची सांगड घातली. चमच्यात लघवी घेऊन ती दिव्यावर तापवायची आणि गढूळ होते का पाहायचे, ही त्या काळची तपासणी. तिथून पुढे शंभराहून अधिक वर्षे ‘लघवीत प्रोटीन जाते’ म्हणजे ‘गाळणीला भोके पडली’ असेच समीकरण राहिले. ते चुकीचे नव्हते, अपुरे होते.

अपुरे का, हे आकड्यांत पाहू. प्रत्येक मूत्रपिंडात साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा गुच्छ असतो, तो ग्लोमेरुलस, म्हणजे गाळणी. तिच्यापुढे लांब, वळणावळणाची नलिका असते. निरोगी माणसात सगळ्या गाळण्या मिळून मिनिटाला सुमारे १२० मिलिलिटर, म्हणजे दिवसाला १७०-१८० लिटर द्रव गाळतात. त्यातला दीड-दोन लिटर तेवढा लघवी म्हणून बाहेर पडतो, बाकीचा नलिका परत घेतात. आता या गाळणीची छिद्रे पाहा. आल्ब्युमिनचा रेणुभार सुमारे ६६ हजार डाल्टन. ते जवळजवळ सगळे अडते. पण बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन ११,८०० डाल्टनचे, सिस्टॅटिन-सी १३ हजारांचे, लायसोझाइम १४ हजारांचे, रेटिनॉल वाहून नेणारे प्रथिन २१ हजारांचे, अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन २६ हजारांच्या पुढचे. ही प्रथिने धडधाकट गाळणीतूनही रोज पलीकडे जातात, जायलाच हवीत. एकट्या बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनचे शरीरात रोज दीडशे ते दोनशे मिलिग्रॅम उत्पादन होते आणि ते बहुतेक सगळे याच वाटेने निघते. तरी दिवसभराच्या लघवीत ते मिलिग्रॅमचा काही दशांश भागही भरत नाही. मधल्या मध्ये ९९.९ टक्के कोणीतरी उचलते.

ते उचलणारे म्हणजे नलिकेच्या पहिल्या, नागमोडी भागातल्या पेशी. डॉक्टर या भागाला प्रॉक्झिमल ट्यूब्यूल म्हणतात. त्याची लांबी जेमतेम दीड सेंटिमीटर. कापणी झालेल्या रानात सरवा वेचणाऱ्या बायांसारखे या पेशींचे काम आहे : मोठा माल आधीच घरी गेलेला असतो, यांच्या वाट्याला खाली सांडलेली कणसे येतात आणि त्यातले एकही सोडायचे नसते. पेशीच्या वरच्या कडेवर दाट, आखूड तंतूंची झालर असते. तंतूंच्या मुळाशी पेशीचा पडदा आत वळून खोलगट खळगे करतो. तिथे दोन अवाढव्य ग्राही प्रथिने बसलेली असतात, मेगालिन आणि क्युबिलिन. समोरून जाणारे लहान प्रथिन त्यांना चिकटते, खळगा मिटतो आणि त्याची पिशवी होऊन आत सरकते. आत गेल्यावर पिशवीतली आम्लता वाढते. त्या आम्लात प्रथिन ग्राहीपासून सुटते, ग्राही पुन्हा काठावर परततात आणि प्रथिन लायसोसोममध्ये जाऊन अमिनो आम्लांत मोडले जाते. ती अमिनो आम्ले रक्तात परत जातात. हे चक्र प्रत्येक पेशीत अखंड चालू असते. पकडणे, मिटणे, आम्लता वाढवणे, सोडवणे, परतणे, मोडणे यांतली कोणतीही पायरी अडली, तरी त्याचा परिणाम लघवीत दिसतो. गाळणी मात्र शाबूत असते.

मेगालिन सापडले ते गाळणीचा अभ्यास करणाऱ्यांना, हेही या क्षेत्राच्या स्वभावाला धरूनच झाले. १९८२ साली केर्याश्की आणि फार्कर हे उंदरांमधल्या एका ग्लोमेरुलसच्या आजारात प्रतिपिंडे नेमकी कशावर हल्ला करतात ते शोधत होते. जे प्रथिन हाती लागले त्याचा मुख्य मुक्काम नलिकेच्या झालरीत निघाला. क्युबिलिनची कथा आणखी जुनी आहे. १९६० साली नॉर्वेच्या ओल्गा इमर्सलुंड आणि फिनलंडचे राल्फ ग्रेसबेक यांनी स्वतंत्रपणे अशी मुले नोंदवली, ज्यांना ब-१२ जीवनसत्त्वाअभावी पंडुरोग होता आणि लघवीत प्रथिनही होते. ब-१२चा पंडुरोग आणि लघवीतले प्रथिन यांचा संबंध काय, याचे उत्तर मिळायला जवळपास चाळीस वर्षे गेली. लहान आतड्यात ब-१२ उचलणारे ग्राही आणि नलिकेत प्रथिन उचलणारे ग्राही एकच होते, ते म्हणजे क्युबिलिन. एक जनुक बिघडले की दोन्ही ठिकाणचे काम थांबते.

थोड्याशा प्रथिनासाठी शरीर एवढा खटाटोप का करते, असा प्रश्न इथे पडतो. उत्तर प्रथिनांच्या पाठीवरच्या ओझ्यात आहे. रेटिनॉल-वाहक प्रथिन ‘अ’ जीवनसत्त्व नेते. ‘ड’ जीवनसत्त्वाचेही स्वतःचे वाहक प्रथिन आहे. मेगालिन त्याला ओझ्यासकट आत घेते आणि त्याच पेशीत ‘ड’ जीवनसत्त्वाला अखेरचे, कामाचे रूप दिले जाते. मेगालिन नसलेल्या उंदरांच्या लघवीतून ही वाहक प्रथिने वाहून गेली आणि त्यांची हाडे कमकुवत झाली. मात्र हेच दार विषांनाही उघडे असते. जेंटामायसिन, अमिकासिन यांसारखी प्रतिजैविके मेगालिनला धरून आत शिरतात आणि पेशीत साचतात. कॅडमियम हा धातू शरीरात मेटॅलोथायोनिन या छोट्या प्रथिनाला बांधलेला असतो. ते प्रथिन गाळले जाते, पेशी ते इमानेइतबारे उचलते आणि लायसोसोममध्ये ते मोडताच कॅडमियम पेशीतच मोकळा होतो. कामात चोख असण्याची किंमत ही पेशी अशी मोजते. म्हणूनच विषबाधेची पहिली खूण पुष्कळदा इथे उमटते.

ती खूण माणसांच्या ध्यानात आली कारखान्यात आणि भातखाचरात. स्वीडनमध्ये लार्स फ्रिबर्ग यांनी अल्कलाइन बॅटऱ्या बनवणाऱ्या कामगारांची तपासणी करून १९५० साली आपला प्रबंध प्रसिद्ध केला. कॅडमियमच्या धुळीत वर्षानुवर्षे काम केलेल्यांच्या लघवीत प्रथिन होते, पण ते नेहमीच्या आल्ब्युमिनसारखे वागत नव्हते; त्याचा रेणुभार बराच कमी होता. १९५८ साली बटलर आणि फ्लिन यांनी नलिकांचे वेगवेगळे आजार असलेल्या रुग्णांची लघवी विद्युत्-पृथक्करणाने तपासली. ग्लोमेरुलसच्या आजारात आल्ब्युमिनचा एकच ठळक पट्टा उमटतो. या रुग्णांत आल्ब्युमिन थोडे आणि ग्लोब्युलिनांचे पट्टे जास्त होते. आजार वेगळे असले तरी नक्षी एकच होती. नलिकाजन्य प्रथिनमूत्र ही संकल्पना तिथून रुळली.

जपानमध्ये तिचा मानवी अर्थ कळला. तोयामा प्रांतात जिंझू नदीच्या काठी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून एक आजार दिसत होता. रुग्ण बहुतांशी पाळी गेलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या शेतकरी स्त्रिया होत्या. हाडे इतकी ठिसूळ होत की साध्या हालचालीने मोडत. त्या कण्हत, त्या कण्हण्यावरूनच आजाराला ‘इताई-इताई’ म्हणू लागले. आपल्याकडचे ‘दुखतंय, दुखतंय’. गावातच दवाखाना चालवणारे डॉ. नोबोरू हागिनो यांनी रुग्णांची घरे नदीच्या नकाशावर ताडून पाहिली आणि वरच्या अंगाच्या कामिओका जस्त-शिसे खाणीकडे बोट दाखवले. खाणीचे सांडपाणी नदीत, नदीचे पाणी खाचरात आणि खाचरातला कॅडमियम तांदळात अशी ती साखळी होती. १९६८ साली जपान सरकारने हा प्रदूषणजन्य आजार असल्याचे मान्य केले. १९७१ साली तोयामाच्या न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने निकाल दिला आणि पुढच्या वर्षी वरच्या न्यायालयाने तो कायम केला. रुग्णांच्या लघवीत साखर, फॉस्फेट, अमिनो आम्ले आणि लहान प्रथिने सापडत. हाडांचा आजार दिसायच्या कितीतरी आधी नलिकेचे काम थांबलेले असे. मूत्रपिंडातला कॅडमियम निम्मा व्हायलाच दहा ते तीस वर्षे लागतात, त्यामुळे नदी स्वच्छ झाली तरी माणसाच्या शरीरातला हिशेब चालूच राहतो. दूषित भागांतल्या पाहण्यांत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन मोजण्याची पद्धत त्यातूनच रूढ झाली.

हे प्रथिन मिळाले तेही याच वाटेने. १९६८ साली बेरगोर्ड आणि बेर्न यांनी ते शुद्ध रूपात वेगळे केले. कच्चा माल होता विल्सन्स डिसीज (शरीरात तांबे साठण्याचा आजार) आणि कॅडमियमची बाधा झालेल्या रुग्णांची लघवी, कारण निरोगी माणसाच्या लघवीत ते पुरेसे मिळतच नव्हते. त्याचे काम काय, हे तेव्हा कोणालाच सांगता येत नव्हते. १९७२ मध्ये त्याचा अमिनो आम्लांचा क्रम कळला आणि तो प्रतिपिंडांच्या काही भागांशी जुळला. लवकरच सिद्ध झाले की अवयव-रोपणात जुळवून पाहिल्या जाणाऱ्या एचएलए रेणूंचा (त्यांच्या पहिल्या वर्गाचा) हा लहान जोडीदार आहे आणि केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर तो असतो. विषबाधित कामगारांच्या लघवीतला एक बिननावाचा पट्टा प्रतिकारशास्त्राच्या मध्यभागी जाऊन बसला. उलट टोकही लवकरच दिसले. मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली की हे प्रथिन बाहेर पडत नाही, रक्तात साचते. १९८५ साली जपानी संशोधकांनी दाखवून दिले की दीर्घकाळ डायलिसिसवर असलेल्यांच्या सांध्यांत आणि मनगटात साठणारा अमायलॉइड याच प्रथिनाचा बनलेला असतो.

विषाविना, निव्वळ जन्मतः हे काम अडले तर काय होते, हे डेंट्स डिसीजने शिकवले. १९६४ साली लंडनचे चार्ल्स डेंट आणि फ्रीडमन यांनी मुडदूस झालेल्या आणि लघवीतून कॅल्शियम जाणाऱ्या दोन मुलग्यांचे वर्णन केले. पुढे ऑलिव्हर राँग आणि सहकाऱ्यांनी अशी अनेक कुटुंबे अभ्यासून १९९४ मध्ये आजाराला डेंट यांचे नाव दिले, आणि १९९६ मध्ये त्याचे नेमके कारण मिळाले : ‘एक्स’ गुणसूत्रावरचे सीएलसीएन-५ जनुक. राजेश ठक्कर यांच्या गटाचा त्यात मोठा वाटा होता. या जनुकाचे प्रथिन आत गेलेल्या पिशव्यांची आम्लता राखते. आम्लता नीट वाढत नाही म्हणून ग्राही मोकळे होऊन काठावर परतत नाहीत, आणि समोरून वाहणारे प्रथिन तसेच पुढे जाते. दरम्यान जपानमध्ये १९७४ पासून शाळकरी मुलांची दर वर्षी लघवी तपासली जात होती. त्यात कारण न कळणारे लहान प्रथिनांचे प्रथिनमूत्र असलेली बरीच मुले सापडली होती. त्यांतल्या अनेकांत हेच जनुक बिघडलेले निघाले. मुलग्यांत आजार पूर्ण उमटतो. त्यांच्या आयांत बहुधा कसलाही त्रास नसतो, पण लघवीत हीच प्रथिने थोडी वाढलेली दिसतात. मुतखडे, लघवीतले कॅल्शियम आणि खालावत जाणारी मूत्रपिंडे असलेल्या मुलात ही तपासणी केली नाही, तर आजार वर्षानुवर्षे नाव न मिळता राहतो.

आपल्या रोजच्या दवाखान्याशी या विषयाचा संबंध औषधांतून येतो. एचआयव्ही आणि ब-प्रकारच्या काविळीत दिले जाणारे टेनोफोविर हे आपल्या देशात लाखो लोक घेतात. ते उपकारक आहे, पण काही रुग्णांत ते याच नलिकापेशींत साचते. रक्तातले क्रिॲटिनिन (मूत्रपिंडाचे काम पाहण्याची नेहमीची खूण) वाढायच्या आधी फॉस्फेट घसरते आणि लघवीत लहान प्रथिने दिसू लागतात. कर्करोगावरची सिस्प्लॅटिन आणि आयफॉसफामाइड यांचीही हीच गत. औषध बदलायचे की मात्रा कमी करायची, याचा निर्णय घ्यायला वेळ हातात असतो तो याच टप्प्यात.

वनस्पतीही यातून सुटत नाहीत. डॅन्यूब नदीच्या उपनद्यांकाठी बल्गेरिया, रोमानिया, सर्बिया, क्रोएशिया, बोस्निया या देशांतल्या काही ठरावीक गावांत पिढ्यान्‌पिढ्या मूत्रपिंडाचा एक चिवट आजार होता. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रुसेल्समध्ये वजन उतरवण्याच्या गोळ्या घेतलेल्या स्त्रियांत तसाच आजार, कितीतरी वेगाने, उद्भवला. गोळ्यांत घातलेल्या चिनी वनौषधीत अॅरिस्टोलोकिक आम्ल होते. बाल्कन गावांतही गव्हाच्या पिकात वाढणाऱ्या अॅरिस्टोलोकिया या तणाचे बी दळणात जात असल्याचे पुढे दिसून आले. दोन्हीकडे सूज नाही, आल्ब्युमिन नगण्य, पण लहान प्रथिने वाढलेली, असे चित्र होते. आपल्याकडे सापसण म्हणून ओळखली जाणारी वेल याच कुळातली आहे. म्हणून ‘झाडपाल्याचे काही घेता का?’ हा प्रश्न नाक न मुरडता, मोकळेपणाने विचारायला हवा. त्याचे उत्तर बऱ्याचदा निदान ठरते.

याहून मोठा प्रश्न शेतशिवारातला आहे. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातले भातशेतकरी, मध्य अमेरिकेतले ऊसतोड कामगार, आंध्रातल्या उद्दानमची गावे : मधुमेह नाही, रक्तदाब नाही, तरी मूत्रपिंडे निकामी होतात. श्रीलंकेतल्या अभ्यासांत रोगाच्या अगदी सुरुवातीच्या टप्प्यातही अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन वाढलेले आढळले आहे. मूळ आजार नलिका आणि भोवतालच्या ऊतींचा असल्याचे त्याने सुचवले. बायोप्सीनेही तेच सांगितले. उन्हातले कष्ट, पाणी कमी पिणे, शेतीतली रसायने, पाण्यातले क्षार यांवर वाद चालू आहे. महाराष्ट्रात पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाण पट्टा, गोव्यात काणकोण तालुका, यांची मूत्रपिंडविकारांच्या संदर्भात वर्षानुवर्षे चर्चा होते. अशा ठिकाणी केवळ पट्टी आणि क्रिॲटिनिनवर पाहणी उरकली, तर पट्टी ‘निल’ सांगते आणि क्रिॲटिनिन निम्मे काम बुडाल्यावर बोलते. मधली सगळी वर्षे कोरी राहतात. ती भरून काढण्याची सोय या प्रथिनांत आहे.

सोय आहे तशा तिच्या अटीही आहेत, आणि नव्याने येणाऱ्याने त्या आधी शिकाव्यात. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन आम्लधर्मी लघवीत टिकत नाही. सामू साडेपाचच्या खाली असेल तर ते मूत्राशयातच मोडू लागते. नमुना बाटलीत येईपर्यंत पुरावा गेलेला असतो. सकाळची पहिली लघवी बहुधा आम्लधर्मी असते. त्यामुळे आल्ब्युमिनसाठी जो नमुना उत्तम, तोच या प्रथिनासाठी वाईट. दुसऱ्या वेळची लघवी घेणे, सामू पाहणे, लगेच अल्कली घालणे हे करावे लागते. म्हणूनच अनेकांनी रेटिनॉल-वाहक प्रथिन आणि अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन यांना पसंती दिली. ती आम्लात बऱ्यापैकी टिकतात. माणूस किती पाणी प्यायला त्यावर लघवी पातळ-घट्ट होते, तेव्हा मोजणी लघवीतल्याच क्रिॲटिनिनच्या प्रमाणात मांडायची. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनची नेहमीची मर्यादा ग्रॅमभर क्रिॲटिनिनमागे ३०० मायक्रोग्रॅमच्या आसपास धरतात. कॅडमियमच्या बाधेत हा आकडा हजारापलीकडे गेला, तर नलिका पूर्ववत होण्याची आशा थोडी, असा अनुभव आहे.

दुसरी अट अर्थ लावण्याची. लघवीत लहान प्रथिन दिसले म्हणजे वेचणारा थकलाच असे नाही. माल भरमसाट आला तरी ते दिसते. याचे सर्वांत जुने उदाहरण १८४५चे. लंडनमध्ये हाडे मऊ झालेल्या एका रुग्णाची लघवी रसायनतज्ज्ञ हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे आली. तिच्यातले प्रथिन तापवल्यावर साकळे, उकळल्यावर पुन्हा विरघळे आणि निवल्यावर पुन्हा साकळे. ते प्रतिपिंडांचे हलके तुकडे असतात, मायलोमा या कर्करोगात अतोनात तयार होतात, हे कळायला १९६२ उजाडावे लागले. पट्टीला तेही नीट दिसत नाहीत. सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकल्यावर परीक्षानळीत पांढुरका गढूळपणा येतो आणि पट्टी मात्र पिवळीच, अशी विसंगती दिसली तर म्हाताऱ्या माणसाच्या पाठदुखीकडे पुन्हा पाहावे. हेच तुकडे पुढे नलिकेत साचून तिला खरोखर जायबंदी करतात, म्हणजे एकाच रुग्णात दोन्ही कारणे एकत्र नांदतात. ताप, मोठा दाह, अंग मोडणारे श्रम, अपुऱ्या दिवसांचे बाळ, या परिस्थितींतही आकडे तात्पुरते वाढतात. म्हणून तीन प्रश्न सोबत ठेवावेत : रक्तात हे प्रथिन किती होते? गाळणीतून ते किती आले? आणि नलिकेने त्यातले किती उचलले? तिन्हींची उत्तरे शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

क्षेत्रात भांडणेही आहेत, आणि ती चांगली आहेत. निरोगी गाळणीतून आल्ब्युमिन नेमके किती जाते, हा त्यातला मोठा वाद. २००७ साली जिवंत उंदरांच्या मूत्रपिंडात सूक्ष्मदर्शकाने पाहणाऱ्या एका गटाने ते पूर्वीच्या समजुतीपेक्षा कितीतरी जास्त जाते आणि नलिका ते परत घेते, असे मांडले. इतरांनी मोजणीच्या पद्धतीवर बोट ठेवले. पहिल्या गटाच्या म्हणण्यात तथ्य असेल तेवढ्या प्रमाणात मधुमेहातले थोडे आल्ब्युमिनही गाळणीबरोबर नलिकेचा निरोप देत असते. शिवाय २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात क्युबिलिनच्या एका टोकाशी बदल असलेल्या लोकांच्या लघवीत आयुष्यभर प्रथिन जाते आणि तरीही मूत्रपिंडे उत्तम राहतात, असे दिसले. काम कमी झाले म्हणजे पेशी मेल्या, असे समीकरण मांडायची घाई करू नये, हा त्याचा धडा. पेशी खरोखर जखमी झाल्याची खूण देणारी किम-१ सारखी प्रथिने वेगळी आहेत. ती गाळून आलेली नसतात, जखमी पेशीतूनच सुटतात. २००८ साली अमेरिका आणि युरोपच्या औषध-नियामक संस्थांनी उंदरांवरच्या औषध-चाचण्यांसाठी मान्य केलेल्या सात लघवी-खुणांत किम-१ होते आणि जुने बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनही होते. एक जखम सांगते, दुसरे काम. दोन्ही लागतात.

या विषयात शिरायची वाट लांब नाही. शरीरक्रियाशास्त्राचे नलिकेवरचे प्रकरण पुन्हा वाचा, पण या वेळी मिठा-पाण्याच्या हिशेबाबरोबर प्रथिनांचा हिशेबही मांडा. मुडदूस, मुतखडे, अकारण घसरलेले फॉस्फेट, साखर नसताना लघवीत आलेली साखर, यांपैकी काही दिसले की लहान प्रथिने मागवा. लॅबमध्ये असाल तर सामूची नोंद रिपोर्टावर लिहायची सवय लावा. त्या एका आकड्यावाचून कित्येक चांगल्या पाहण्या वाया जातात. गावपातळीवर काम करत असाल तर नमुना कोणत्या वेळी, किती श्रमांनंतर, कोणत्या उन्हात घेतला हे टिपा, आणि तोच माणूस काही आठवड्यांनी पुन्हा तपासा.

या क्षेत्राला पुढे नेणाऱ्यांत मोठ्या प्रयोगशाळांतले रसायनतज्ज्ञ होते, तसे कारखान्यात जाऊन कामगार तपासणारे फ्रिबर्ग होते आणि भातखाचरांच्या गावात दवाखाना चालवणारे हागिनोही होते. खारपाण पट्ट्यात आणि काणकोणात हे काम नीट, सलग आणि सामू लिहून व्हायचे आहे. त्यासाठी हात हवेत. या.